स्वतःच्या जागेत जाईपर्यंत मटण बंद

निवृत्त झाले तेव्हा बँकेनं मला शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ दिलं. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. किस्से मात्र अजून चालू आहेत! स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर रिकाम्या पिशव्या साठतात ना, तसे ते साठतात. एक ओढायला जावं, तर एकात एक अडकून सगळ्या डोक्यावर येतात.

महिन्यातून एकदा आम्ही बँकेतले जुने लोक मिसळ खायला जमतो. कुणीतरी म्हणतं, "कांबळे मॅडम, तो गिरणीचा सांगा." मी गिरणीचा सांगते. मग मंगल कार्यालयाचा निघतो, मग इचलकरंजीचा, आणि शेवटी गाडी अण्णांच्या मटणावर येऊन थांबते. बँकेच्या अहवालात आमच्या इमारतींचा इतिहास दीड पानात उरकलेला आहे. त्यात मटणाचा शब्दही नाही. म्हणजे इतिहासातला मेन मुद्दाच गायब!

*

अण्णा म्हणजे आमचे चेअरमन. गुळाचे व्यापारी. पांढरा शर्ट, पांढरं धोतर आणि पायात करकर वाजणाऱ्या चपला. अण्णा जिन्यात आले की चपला आधी वर पोचायच्या आणि आमचे हात भराभर चालायला लागायचे.

ही गोष्ट मी बँकेत लागायच्या थोडी आधीची. बँक काढायची म्हणून तालमीच्या हॉलमध्ये सभा भरली होती. अण्णांनी भाषण केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागून एक कांदे-बटाट्याचा व्यापारी उठला.

"अण्णा, पैसं ठेवतो की! पर बँक भाड्याच्या खोलीत. उद्या खोली मोकळी करून गेलासा, तर आमी काय घरमालकाच्या दारात बसायचं?"

सभा हसली. अण्णांना सगळं चालायचं, त्यांना हसलेलं चालायचं नाही. ते ताडकन उठले.

"अंबाबाईच्या गावात उभा ऱ्हाऊन सांगतो. बँक सोताच्या जागंत जाईपतूर ह्यो अण्णा मटणाला शिवणार न्हाय!"

सभा चिडीचूप. कोल्हापुरात माणूस दारू सोडतो, तंबाखू सोडतो, रागाच्या भरात घरदारही सोडतो. मटण सोडलेला माणूस आजवर कुणी बघितला नव्हता! शेवटी एकानं भीत भीत विचारलं, "आन कोंबडी?"

"कोंबडी म्हंजे भाजीच की," अण्णा म्हणाले. "पर तीबी नगं."

त्याच संध्याकाळी शेअर घ्यायला रांग लागली. जो माणूस मटण सोडतो तो आपले पैसे घेऊन पळणार नाही, असा लोकांचा साधा हिशेब होता. अण्णांच्या अंदाजानं वर्षभराचा प्रश्न होता, फार तर दोन. लागली अकरा वर्षं!

*

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हा मी क्लार्क म्हणून लागले. बँक होती पिठाच्या गिरणीच्या वर. खाली गिरणी सुरू झाली की वर फरशी थरथरायची, टेबल थरथरायचं आणि टेबलावर सही करणारा माणूसही थरथरायचा. त्यामुळे एकाही खातेदाराची सही जुळायची नाही.

आमचे मॅनेजर जोशीसाहेब, अत्यंत नियमाचा माणूस. त्यांनी यावर तोडगा काढला. प्रत्येक खातेदाराकडून सहीचे दोन नमुने घ्यायचे. एक गिरणी बंद असतानाचा आणि एक गिरणी चालू असतानाचा! चेक आला की आधी खाली कान द्यायचा, मग नमुना काढायचा.

एकदा सहकार खात्याच्या मोठ्या ऑफिसातून तपासणीला साहेब आले. काळा कुळकुळीत सफारी, हातात बॅग, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही. दिवसभर एका जागी बसून त्यांनी तपासणी केली. खाली गहू, ज्वारी, हरभरा सगळं दळून निघत होतं आणि फटीफटीतून वर येत होतं. आम्हाला त्याची सवय होती. साहेबांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही.

संध्याकाळी साहेब जिना उतरून खाली गेले. गिरणीवाला दारातच उभा होता. त्यानं साहेबांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आपुलकीनं विचारलं, "पावणं, कुठल्या गिरणीत कामाला हाईसा?"

*

मटण सोडून दोनेक वर्षं झाली, तसे अण्णा सुकल्यासारखे दिसायला लागले. असं आपलं संचालक मंडळाचं मत. माझ्या डोळ्यांना ते होते तेवढेच दिसत होते. पण कोल्हापुरात मटण न खाणारा माणूस जाडजूड असला तरी लोकांना तो अशक्तच वाटतो.

संचालकांमध्ये एक वकील होते, बापूसाहेब. एका मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला. "अण्णा, तुमच्या शपथेचा मी नीट अभ्यास केलाय. तुम्ही 'मटण' म्हणालासा. 'रस्सा' कुठं म्हणालासा? तांबडा असू दे न्हायतर पांढरा, त्यात फोड येऊ दिली न्हाय की झालं. कायद्यानं शपथ मोडत न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं तर अनुमोदन देऊन टाकलं.  अण्णांच्या गळ्याची घाटी वरखाली झाली, हे मी मिनिट्स लिहीत होते तिथून दिसलं.

मग ते म्हणाले, "बापूसाब, रस्सा म्हंजे मटणाचं व्याज. मुद्दल सोडलंय, तर व्याज कुठल्या तोंडानं खाऊ?"

बँकिंगचं एवढं सोपं लेक्चर मला परत कुठल्या ट्रेनिंगला ऐकायला मिळालं नाही.

*

गिरणीवरून आम्ही गेलो ते एका मंगल कार्यालयात. तेही भाड्यानंच. गावाबाहेर मोठमोठे लॉन झाले होते, त्यामुळे त्या मालकाची लग्नं कमी झाली होती. त्यानं पुढचा हॉल आम्हाला दिला. मागचं स्वयंपाकघर आणि छोटा हॉल बारशा-जावळासाठी स्वतःकडे ठेवला.

जोशीसाहेबांची केबिन स्टेजवर केली होती, जिथं नवरा-नवरी बसतात तिथं! मागच्या भिंतीवर 'शुभ विवाह'ची अक्षरं काढल्याचे डाग तसेच होते. लोक कर्ज मागायला पायऱ्या चढून वर जायचे. काही बायका तर सवयीनं साहेबांना ओवाळल्यासारखा हात करून खाली उतरायच्या.

एक दिवस हातकणंगल्याकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. फेटा, नवा सदरा, खिशात पाकीट. कुणाच्या तरी लग्नाला निघाले होते आणि जुन्या सवयीनं आमच्याकडे आले. त्यांना हॉल दिसला, गर्दी दिसली, टेबलाशी पैसे घेऊन लिहिणारा माणूस दिसला. ते सरळ रांगेत उभे राहिले.

खिडकीत आमचा कॅशियर बाबर. म्हाताऱ्यांनी पाकीट पुढं केलं. "घ्या, लिवून घ्या."

"कुणाच्या नावावर?" बाबरनं विचारलं.

त्यांनी नवऱ्या मुलाचं नाव सांगितलं.

"खातं आहे का?"

"खातंय की! चांगलं खातंय. पैलवान गडी हाय!"

बाबरनं वर बघेपर्यंत म्हाताऱ्यांनी विचारलं, "जेवायचं कुठं?" रांगेतल्या कुणीतरी सांगून टाकलं, "मागच्या दारानं जावा." मागं खरंच कुणाचं तरी बारसं चालू होतं. बाबर पाकीट घेऊन मागे धावला, तर म्हातारे पंगतीत बसून दुसऱ्यांदा वाढून घेत होते. त्यानं पाकीट त्यांच्या खिशात घातलं, तर ते रागावले. "आहेर परत करत्यात व्हय?"

आठवड्यानं ते बँकेच्या दारात पुन्हा दिसले. बाजाराला आले होते म्हणून मुद्दाम सांगायला आले होते.

"पावणं, लगीन झकास झालं बघा. जेवान तर एक नंबर! नवरी तेवढी दिसली न्हाय."

*

आता मगदूमची ओळख करून द्यायला पाहिजे.

स्वतःची इमारत व्हायच्या आधीच आम्ही इचलकरंजीला शाखा काढली. तिथं यंत्रमागवाल्यांची गर्दी, आणि जागा मिळाली ती मागाच्या शेडमध्ये. मधे विटांची एक भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे बँक, पलीकडे माग. पहिल्या पाळीला खटाखट, दुसऱ्या पाळीलाही खटाखट!

मगदूम तिथला मॅनेजर. जैन, शाकाहारी, तोंडात कधी वावगा शब्द नाही, खोटं तर आयुष्यात बोलला नाही. मूळचा स्वभाव इतका मऊ, की कोल्हापुरात असताना त्याला "जरा मोठ्यानं बोल" असं सांगावं लागायचं. इचलकरंजीला गेल्यावर सहा महिन्यांत त्याचा आवाज असा काही फुटला की विचारू नका. मागवाले एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. मगदूमला ते जमलं नाही, म्हणून तो ओरडायला शिकला.

पुढं पुढं त्याला स्वतःचा आवाज कळेनासाच झाला. एकदा तो मीटिंगला कोल्हापुरात आला. स्टेजवर जोशीसाहेबांच्या कानाशी वाकला आणि अगदी खासगीत म्हणून सांगितलं, "साहेब, एक नाजूक बाब हाय. आमच्या शिपायाची बायको नांदाय येत न्हाय."

खाली हॉलमध्ये रांगेत उभी असलेली एक बाई लगेच म्हणाली, "का वो? काय मारतोय का काय?"

पुढे तासभर अख्ख्या बँकेनं त्या शिपायाचा संसार चर्चेला घेतला. शेवटी त्या बाईच्याच ओळखीनं तो संसार मार्गीही लागला.

*

त्याच काळात अण्णांच्या नातवाचं जावळ होतं आणि सगळ्या स्टाफला जेवणाचं आमंत्रण होतं. मटण अर्थात होतंच. अण्णा स्वतः वाढत फिरत होते. "घ्या की, लाजतासा काय?" असं प्रत्येकाला म्हणत होते. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ते कोपऱ्यात बसले आणि पिठलं-भाकरी खाल्ली.

मी हात धुवायला आत गेले, तर अण्णांच्या पत्नी, आक्का, चुलीपाशी बसल्या होत्या. आक्कांच्या हातचं मटण म्हणजे पेठेत नाव होतं. मी म्हटलं, "आक्का, मटण काय झालं होतं!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मीठ बरोबर हुतं का?"

"एकदम बरोबर."

"खरं सांग, पोरी."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या स्वयंपाक करताना कधी चाखायच्या नाहीत. लग्न होऊन आल्यापासून घरातली रीतच होती. मटण शिजलं की पहिली वाटी अण्णांना द्यायची. अण्णा एक तुकडा खायचे आणि म्हणायचे, "मीठ बरोबर हाय." ते एवढं म्हणाले की मग बाकीच्यांची ताटं.

"कौतुक म्हनशील तर तेवढंच. त्याच्या म्होरं एक शबुद न्हाय कधी," आक्का म्हणाल्या. "आता समदी गुमान खात्यात. मीठ कमी पडलं का जास्त झालं, कोण सांगत न्हाय. मानूस घरातच हाय, पर माझ्या हातची चव इसरून गेलं आसंल."

 बँकेत आम्ही सगळे अण्णांच्या मटणावर हसायचो. ते मटण रांधणारी बाई वर्षानुवर्षं एका वाक्याची वाट बघत चुलीपुढं बसलीय, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या दिवसापासून बँकेची इमारत व्हावी म्हणून मी खरोखर देवाला सांगायला लागले. आमच्या घरी देवाला सांगायची पद्धत नाही, तरी!

*

शेवटी एकदाचा प्लॉट मिळाला. पेठेतलाच, तालमीच्या शेजारी. कागद झाले, आर्किटेक्ट पुण्याहून आला, नकाशा तयार झाला. आणि तालमीची पोरं बांबू घेऊन अण्णांच्या दुकानी हजर.

"अण्णा, बँक बांधा. आमचं काय म्हणणं न्हाय. पर ह्या जागंवर आमचा गणपती बसतोय. त्यो कुठं जाणार?"

"बांबू कशाला आणलाय?" अण्णांनी विचारलं.

"गणपती एवढा उंच हाय."

अण्णा त्याच तालमीत वाढलेले. गणपतीला नाही म्हणायची त्यांची टाप नव्हती, आणि बांधकाम थांबवायचीही नव्हती. त्यांनी बांबू तसाच्या तसा आर्किटेक्टकडे पाठवून दिला. आर्किटेक्ट म्हणाला, एवढ्या उंचीचा पोर्च म्हणजे पहिल्या मजल्याचा निम्मा भाग जातो. अण्णा म्हणाले, "जाऊ दे की. बाप्पा वाकून बसणार हाय व्हय?"

म्हणून आमच्या बँकेचं दार देवळाच्या महाद्वारासारखं उंच आहे. लोकांना वाटतं फॅशन आहे. गणपतीचे दिवस आले की आम्ही बाजूच्या दारानं आत जायचो आणि आरतीच्या वेळी काउंटर आपोआप थांबायचा.

बांधकाम चालू असताना तेच मागचे तपासणीवाले साहेब जागा बघायला आले. या वेळी सफारी पांढरा होता, शहाणे झाले होते! मान वर करून त्यांनी पोर्च बघितला. "एवढं उंच कशासाठी? खातेदार उंटावरून येतात का?"

"गणपती बसतोय, साहेब," अण्णा म्हणाले.

"किती दिवस?"

"धा."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचं दिवस बँक बसंल की!"

*

इमारत पूर्ण झाली ती नेमकी आषाढात. अण्णांना एक दिवसही थांबायचं नव्हतं. त्यांनी गुरुजींना बोलावलं. गुरुजी पंचांग उघडून म्हणाले, "आषाढात वास्तू नको."

"मग श्रावणात करूया," जोशीसाहेब उत्साहानं म्हणाले. श्रावणात चांगला मुहूर्तही निघाला.  श्रावणात बँक उघडेल हो, पण मटणाचं काय? श्रावणात आक्का चुलीवर मटण चढवणार का?

"मग भाद्रपद?" बापूसाहेबांनी विचारलं.

तेव्हा बाबरनं आठवण करून दिली, की भाद्रपदात बँकेच्या दारात गणपती असणार. गणपती उठला की पितृपंधरवडा. पितृपंधरवडा संपला की नवरात्र, आणि अंबाबाईच्या गावात नवरात्रात मटणाचं नावसुद्धा काढायचं नाही! सगळं फिरून शेवटी दसऱ्यावर आलं. दसऱ्याला मुहूर्त बघावा लागत नाही. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून पंगत येणाऱ्या रविवारी.

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं. अकरा वर्षं थांबलेला माणूस, पण तेव्हा त्यांचा चेहरा अगदी पडला.

"देवांची बँकेला काय हरकत न्हाय," ते म्हणाले. "सगळ्यांची हरकत माझ्या ताटाला हाय!"

*

रविवार उजाडला. नव्या इमारतीच्या गच्चीवर मांडव घातला होता. आचारी होते, पण मोठ्या भांड्यापाशी आक्का स्वतः उभ्या होत्या. पहाटेपासून त्यांनी त्या भांड्याला दुसऱ्या कुणाचा डाव लागू दिला नव्हता. सगळा स्टाफ, सगळे संचालक, तालमीची पोरं आणि तो अकरा वर्षांपूर्वी सभेत उठलेला कांदे-बटाटेवालाही आला होता. एका बाजूला शाकाहारी पंगत होती. तिथं जोशीसाहेब आणि त्यांच्या शेजारी मगदूम.

ताटं वाढली. कुणी हात लावेना. अण्णांनी आधी खायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. आक्कांनी पहिली वाटी भरली आणि अण्णांच्या ताटात ठेवली. मी आक्कांच्या मागंच उभी होते. 

अण्णांनी वाटीला नमस्कार केला. भाकरी मोडली. रश्श्यात बुडवली, एक तुकडा उचलला आणि हात तोंडाशी नेला. सगळी गच्ची श्वास रोखून बघत होती.

शाकाहारी पंगतीत मगदूमला काही घाई नव्हती. तो जोशीसाहेबांच्या कानाशी वाकला आणि हळूच बोलला. म्हणजे त्याच्या हिशेबानं हळूच!

"साहेब, आमची इचलकरंजीची शाखा अजून भाड्याच्याच शेडात हाय की!"

गच्चीवर सगळ्यांनी ऐकलं. खाली चौकातल्या पानवाल्यानंही ऐकलं असणार.

अण्णांचा हात थांबला. तुकडा हळूहळू पुन्हा वाटीत गेला. मगदूमचा चेहरा पांढराफटक. बापूसाहेब कायद्याचं काहीतरी बोलायला उठले, अण्णांनी त्यांना हातानंच खाली बसवलं.

"खरं हाय त्येचं," अण्णा म्हणाले. "बँक म्हणालतो मी. नुसतं हेडऑफिस न्हवतं म्हणालो."

 माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं. अकरा वर्षं, आणि आता इचलकरंजी!

आक्का डाव घेऊन पुढं आल्या. इतक्या माणसांत त्या नवऱ्याशी कधी बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

"तालमीत बोललासा, त्या दिवशी इचलकरंजीची शाखा हुती का?"

"न्हवती," अण्णा म्हणाले.

"मग जी हुती तिच्यापुरतं बोललासा. ती आली सोताच्या जागंत. आता गप गिळा. निवाय लागलंय!"

अण्णांनी आक्कांकडे बघितलं. मग मान खाली घातली, तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. डोळे मिटून सावकाश चावला. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत होतो.

अण्णांनी डोळे उघडले.

"मीठ बरोबर हाय."

आक्का वळून भांड्यापाशी गेल्या आणि बराच वेळ नुसताच रस्सा ढवळत राहिल्या. इकडे गच्चीवर एकदम शिट्ट्या, टाळ्या, ताटांचा आवाज. कांदे-बटाटेवाल्यानं तर तिथंच नवीन ठेव जाहीर केली!

अण्णांनी दुसरा तुकडा घेतला. मग मान वर करून शाकाहारी पंगतीकडे बघितलं.

"जोशीसाब."

"हां, अण्णा."

"मगदूमची बदली करा."

"कुठं, अण्णा?"

"कुरुंदवाडला."

जोशीसाहेब चाचरले. "अण्णा, कुरुंदवाडला आपली शाखाच नाही."

"मग काढा की!" अण्णा म्हणाले. तिसरा तुकडा तोंडाशी नेता नेता ते थांबले.

"पर पयल्यांदा जागा इकत घ्या."